हा फोटो लावणार कुठं?

स्टुडिओची पायरी चढून कुणीही आलं की माझे सासरे साइजचं आणि पैशांचं बोलण्याआधी विचारायचे, "हा फोटो लावणार कुठं?" आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. फॉर्मवर चिकटवायचा, मुलाकडच्यांना पाठवायचा, दुकानाच्या गल्ल्यामागं टांगायचा, की सुरतेला नोकरीवर निघालेल्या मुलाच्या पेटीत जायचा? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरायचं. माणूस बसवायचा की उभा करायचा, चेहरा किती मोठा घ्यायचा, हात दाखवायचे की नाही, दिवा कुठल्या बाजूनं लावायचा.

मी असोद्यात सून म्हणून आले ती १९८० च्या दशकात. घर असोद्यात आणि स्टुडिओ जळगावात, जाणं-येणं रोजचं. आधी मला निगेटिव्ह रिटच करायला बसवलं, मग डार्करूममध्ये घेतलं. बायका-मुलींचे फोटो काढता काढता कॅमेराही माझ्या हाती आला. आता दुकान मुलगा सांभाळतो, मी पोर्ट्रेट तेवढी काढते. नानांचा प्रश्न मात्र मी अजून विचारते, कारण या कामाचं सगळं मर्म त्यात आहे असं मला मनापासून वाटतं. फोटो ज्याचा असतो, त्याच्या स्वतःसाठी तो क्वचितच असतो. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांसाठी तो काढलेला असतो.

याचा पुरावा काउंटरवर रोज मिळतो. फोटो हातात घेऊन माणूस म्हणतो, "मी असा कुठं दिसतो?" सोबत आलेली बायको म्हणते, "अगदी तसेच आलात." दोघंही खरंच बोलत असतात. आपण आपला चेहरा आरशात पाहतो आणि आरशात बाजू उलटतात. भांग, गालावरचा तीळ, थोडी वर चढलेली एक भुवई, सगळं फोटोत पलीकडं गेलेलं दिसतं आणि आपल्यालाच आपण परके वाटतो. बायको मात्र तो चेहरा वर्षानुवर्षं समोरून पाहत आलेली. म्हणून प्रूफ निवडताना मी सोबतच्या माणसाला आधी विचारते.

चेहरे वाचायला मी शिकले रिटचिंगच्या डेस्कवर. खिडकीशी उतरतं लाकडी डेस्क, मध्ये दुधी काच, खाली आरसा. आरशावरून परतलेला उजेड निगेटिव्हमधून वर येतो. त्यावर रिटचिंग मिडियमचा बोळा हलकाच फिरवायचा, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं लांब करायचं. प्रिंटमध्ये जे काळं दिसतं ते निगेटिव्हवर पारदर्शक असतं. सुरकुतीची ती पारदर्शक रेघ पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी भरत गेलं की प्रिंटमध्ये सुरकुती विरते. हात जड पडला की तिथं पांढरा डाग उठतो. तासन्‌तास एकाच कपाळावर मान घालून बसलं की कळतं, हसण्यानं पडलेल्या रेघा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाहेर फुटतात आणि उन्हात डोळे बारीक करून पडलेल्या रेघा नाकाच्या मुळाशी उभ्या राहतात. शेतात राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, याचा नानांचा नियम पक्का होता. महिन्याभरात जे आपोआप जाईल ते काढ, जन्माचं आहे त्याला हात लावू नको. पुटकुळी, उन्हानं सोललेलं नाक, वस्तऱ्यानं कापलेलं, हे काढायचं. हनुवटीवरचं गोंदण, भुवईतली खोक, देवीचे व्रण, हे ठेवायचं. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. म्हणजे देवीचे व्रण असलेली माणसं आता थोडीच राहिली आणि तीही वयस्कर. त्या काळात रिटचिंगवाल्यांनी सगळ्यांचे गाल घोटून गुळगुळीत केले असते, तर या भागातल्या घराघरांत काय घडून गेलं याची एक खूण भिंतींवरून पुसली गेली असती.

लग्न जुळवायच्या फोटोंनी या नियमाची खरी परीक्षा पाहिली. मुलगी खुर्चीवर बसलेली, आई माझ्या कानाशी, "ताई, थोडी उजळ येऊ द्या." पूर्वी हे काम पेन्सिलीनं आणि एक्स्पोजरनं व्हायचं, आता मोबाइलमध्ये बोट सरकवलं की होतं. मी आईला बाजूला घेऊन सांगते की हा फोटो मुलाकडचे बघणार आणि आठ दिवसांनी तेच लोक तुमच्या दारात येणार. पोहे घेऊन बाहेर येणारी मुलगी त्यांना फोटोतलीच वाटली पाहिजे. ती वेगळी दिसली, तर त्या खोलीतली पहिली नजर कुणावर पडेल आणि ती कशी असेल, याचा विचार करा. बहुतेक आयांना हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना मी दुसरा स्टुडिओ सांगते. मुलीचा रंग बदलून देण्याचे पैसे मी घेत नाही.

सावळा चेहरा नीट येत नाही, ही तक्रार निराळी आणि ती खरी आहे. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरी करड्या रंगाचं धरून चालतो. आपल्याकडचा शेतकरी पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घालून बसला की एवढा पांढरा रंग पाहून मीटर उजेड कमी करतो आणि उन्हात रापलेला चेहरा कोळशासारखा काळा पडतो. उपाय सोपा आहे. कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन चेहऱ्याचाच उजेड मोजायचा आणि कपड्यांचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवलं की साधारण हेच होतं. परदेशात तर रंगीत फिल्मच्या प्रिंटचे रंग जुळवायला अनेक वर्षं गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड लॅबमध्ये ठेवत, त्याला शर्ली कार्ड म्हणत. सगळं यंत्र त्या एका कातडीला प्रमाण मानून चालत होतं. दोष चेहऱ्याचा नसतो, हे मी समोर बसलेल्या प्रत्येक मुलीला सांगते.

टोपीचं आणखी एक. पासपोर्टच्या फोटोसाठी म्हाताऱ्या माणसाला टोपी काढायला सांगितली की कपाळाचे दोन भाग दिसतात. खाली तांबूस-काळा, वर लहान बाळासारखा फिका, मध्ये सरळ रेघ. तो फिका भाग घरच्यांखेरीज कुणी पाहिलेला नसतो. अशा वेळी माणूस एकदम अवघडतो, हात डोक्याकडं जातो. मी तेवढा एक फोटो झटपट उरकते आणि टोपी परत देते.

आमच्या कामाचा खरा शत्रू उन्हाळा. डेव्हलपर साधारण वीस अंश सेल्सिअसला वापरायचा असतो आणि जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नळाचं पाणीसुद्धा हाताला गरम लागतं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. गरम पाण्यात तो फुगतो, सुरकुततो आणि बोट लागलं तर सायीसारखा सरकतो. बर्फाची लादी सायकलवर गोणपाटात गुंडाळून आणायची, फोडून मोठ्या घमेल्यात टाकायची आणि त्यात डेव्हलपरच्या बाटल्या उभ्या करायच्या. बर्फ मिळाला नाही की माठातलं पाणी, आणि काम पहाटे. खरी अडचण धुण्याच्या पाण्याची व्हायची. फोटो पक्का करणारं रसायन, म्हणजे हायपो, पूर्ण निघाला नाही तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो आणि नीट धुवायला वाहतं पाणी लागतं. ज्या उन्हाळ्यात टँकर यायचे, त्या उन्हाळ्यातही नानांनी धुण्यात काटकसर केली नाही. आधी फोटो, मग आंघोळी. म्हणून त्यांच्या हातचे कृष्णधवल फोटो आजही जसेच्या तसे आहेत. पुढं रंगीत लॅब आल्या, लोक हरखून गेले, आणि त्या वेळचे अल्बम आता उघडले तर नवरा-नवरी लालसर होऊन बसलेले दिसतात. रंगीत प्रिंटमधले तिन्ही रंग सारख्या वेगानं उडत नाहीत. निळसर हिरवा आधी उडतो आणि मागं तांबडेपणा उरतो. कृष्णधवल फोटो चांदीचा असतो, तो नीट धुतला तर पणतवंडंही पाहतात.

लोक फोटोत ताठ का बसतात, हे मला पुष्कळ जण विचारतात. याचं मूळ जुनं आहे. १८३९ मध्ये फोटोग्राफीची रीत जगापुढं आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिकही तेव्हा मुंबईत स्टुडिओ चालवत. त्या काळी माणसाला कितीतरी सेकंद हलायची सोय नव्हती. हसू इतका वेळ टिकत नाही, म्हणून ओठ मिटलेले. पुढं फिल्म वेगवान झाली, पण "हलू नका" हे वाक्य आणि तो ताठपणा गावोगाव तसाच राहिला. समोरचं माणूस फोटोवाल्याच्या भीतीनं श्वास रोखून बसतं आणि श्वास रोखला की खांदे वर चढतात, मान नाहीशी होते.

यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय असा, की त्या माणसाला त्याच्याच कामाबद्दल चुकीचं काहीतरी बोलायचं. एक आजी आल्या होत्या, आमच्याच गावच्या, भाचीनं आग्रहानं आणलेल्या. "मले काय करना फोटो? मी काय मंत्री हाये का?" असं म्हणत खुर्चीच्या कडेवर बसल्या. तोंड घट्ट मिटलेलं, नजर जमिनीवर. असोद्याची भरताची वांगी सगळ्या खानदेशात नावाजलेली आणि या आजींच्या हातच्या भरताची तर गावजेवणात हाक असायची. मी लाइट सारखे करता करता म्हटलं, "आजी, वांगी चिरून मग भाजायची ना?"

त्यांनी मान वर केली. "चिरून? व माय! चिरलं तं रस सारा काट्यायमंदी जाईन ना! अखंड भाजाचं, तेलाचं बोट फिरवाचं..." आणि उजवा हात उठला, हवेतच वांगं फिरवू लागला. कपाशीच्या काट्यांचा जाळ किती हवा, लाकडी बडजीत ठेचताना हिरवी मिरची आधी की लसूण, सगळं सांगताना हनुवटी पुढं आलेली, एक डोळा जरा बारीक, मला धडा शिकवायची सगळी तयारी. फोटो तेव्हाचा आहे. हात किंचित हललेला आला आहे आणि मी तो तसाच ठेवला. भाचीनं तो पाहिला आणि म्हणाली, "मामी अशीच रागावते."

चूक दुरुस्त करताना माणूस स्वतःच्या जागेवर येतो. केळी कापणाऱ्याला घडाचं वजन मुद्दाम कमी सांगावं, शिंप्याला कापड तिरकं पकडून दाखवावं. मंत्र्याला आणि मास्तरालाही हे चालतं. चेहऱ्यावर भीती असेल तिथं अधिकार येतो आणि त्या माणसाच्या घरचे त्याला त्याच रूपात ओळखत असतात.

हातांबद्दलही सांगते, कारण आजकालच्या फोटोंतून ते गायब झाले आहेत. भिंतीवर लावायच्या फोटोत नाना हात घ्यायचेच. केळीचा चीक लागलेली काळपट बोटं, कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली नखांची मुळं, सुईनं टोचून खडबडीत झालेलं बोट. मुलं आईचा चेहरा आठवतात, पण तिचे हात फोटोत दिसले की जास्त वेळ थांबतात. मी हे कितीतरी घरांत पाहिलं आहे.

उजेडासाठी मी अजूनही दाराकडं जाते. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंती जाड आणि खिडक्या नावाला, उजेड येतो तो दारातून. उंबऱ्यापासून दोन हात आत, ऊन अंगावर पडणार नाही असं बसवायचं, तोंड अर्धं दाराकडं. उजेड एका मोठ्या चौकटीतून येतो म्हणून सावली मऊ पडते आणि डोळ्यांत त्या चौकटीचं छोटं प्रतिबिंब चमकतं. ते नसेल तर डोळा विझल्यासारखा दिसतो. दुसरा गाल फार काळवंडला तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करायचं. घरातली पोरं हे काम आनंदानं करतात. आणखी आत सरकवलं की उजेड झपाट्यानं कमी होतो, म्हणून मी माणूस हलवते, दिवा शोधत बसत नाही.

एका खोलीत किती मावतं, हे पाहायचं असेल तर चाळीसगावला जावं. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता ते कलादालन म्हणून जपलं आहे. मुंबईत १९१२ मध्ये जन्मलेला हा पारशी माणूस इंग्लंडात कला आणि फोटोग्राफी शिकून चाळीसगावात परतला आणि १९८९ मध्ये जाईपर्यंत कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. विनोबांचा फोटो काढायला मात्र ते बाहेर पडले होते, असं तिथं सांगतात. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी उभे केलेले देखावे पाहिले तर आपण डोंगराच्या पायथ्याशी आहोत असंच वाटतं. देशोदेशीच्या प्रदर्शनांत त्यांच्या कामाला बक्षिसं मिळाली. नाना आम्हाला सांगायचे, सामानाची तक्रार करायची वेळ आली की चाळीसगावचं तिकीट काढा. दूरच्या मुंबईत गौतम राजाध्यक्षांनी नटनट्यांचे फोटो काढले, त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक मराठी घरांत पोचलं. ते चेहरे हजारोंनी बघावेत म्हणूनच काढलेले. माझ्याकडं येणाऱ्याचा फोटो दहा-पंधरा माणसं बघणार, पण ती आयुष्यभर बघणार.

आणि इथं या धंद्यातली मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट येते. निवडणूक आयोगानं १९९३ मध्ये मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरवलं आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव माणसं फोटोसाठी रांगेत उभी राहिली. कितीतरी म्हाताऱ्या बायांचा तो जन्मातला पहिला फोटो होता आणि बऱ्याच जणींचा शेवटचाही. नखाएवढा चेहरा, पदर कपाळावर, घाबरलेली नजर. बाई गेली की दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आत मुलगा ते कार्ड घेऊन आमच्या दारात. "ताई, एवढाच आहे. मोठा करून द्या, हार घालायचाय." नखाएवढ्या छापील चित्रातून बारा बाय पंधराचा फोटो करायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मोठं केलं की छपाईचे ठिपके मोठे होतात आणि चेहरा हरवतो. मग मी मुलाला शेजारी बसवून विचारत जाते. नाक असं होतं का, भुवया जुळलेल्या होत्या का, डोळा कुठला बारीक? तो सांगतो, मी काढते, आणि मध्येच तो गप्प होतो, कारण आईच्या नाकाकडं त्यानं कधी नीट पाहिलेलं नसतं. हातात मोबाइल आल्यावरही हे थांबलेलं नाही. शंभर फोटोंत म्हातारी कुठंतरी मागं, अर्धी कापलेली, लग्नाच्या गर्दीत.

म्हणून माझ्याकडं पासपोर्ट साइजसाठी कुणी वयस्कर माणूस आलं की तो फोटो झाल्यावर मी त्याला दाराशी बसवते आणि भिंतीसाठी एक फोटो आणखी काढते. त्याचे पैसे घेत नाही. फाइल नाव-गाव लिहून ठेवते.

हे वेड मला असोद्यानं लावलं, असं मी म्हणेन. बहिणाबाई चौधरी याच गावच्या लेक. १८८० मध्ये इथल्या महाजनांच्या घरी जन्मल्या, लग्न होऊन जळगावात गेल्या. शेतात, जात्यावर रचलेली गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्या एकानं लिहून घेतली म्हणून राहिली. बाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. डोक्यावर पदर घेतलेला त्यांचा चेहरा आज शाळेच्या भिंतीवर आहे, पुस्तकांवर आहे. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं, तिथंही तो आहे. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता कुठं मिळायची? त्यांच्या हयातीत कुणीतरी कॅमेरा त्यांच्यासमोर धरला, म्हणून आमच्या गावच्या पोरींना आपल्यासारख्याच नाकाडोळ्यांची एक कवयित्री डोळ्यांनी पाहता येते. गावातल्या बाया फोटोला बसताना नकळत पदर तसाच सारखा करतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर स्टुडिओची वाट पाहू नका. सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर त्यांना दारात बसवा. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कुठलाही कॅमेरा असला तरी. चार-पाच हात मागं सरका आणि मोबाइलवर दोन पटीची लेन्स असेल तर ती वापरा. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे तुम्हाला खाली बसावं लागेल. त्यांच्या कामाचं काहीतरी चुकीचं बोला. हात दिसू द्या. मग त्यातला एक निवडून त्याच आठवड्यात लॅबमधून कागदावर प्रिंट काढा. मोबाइल हरवतो, बिघडतो, त्याचा पासवर्ड मुलगा विसरतो. आणि प्रिंटच्या मागं, कडेला, मऊ पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेननं लिहू नका, दाबाचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो आणि शाई कालांतरानं पाझरते.